मशिदीच्या आडातलं पाणी

फास्का भित्रा आहे, हे अनुमलील गावात कुणी कुणाला सांगत नसे. सूर्य उगवतो हे तरी कोण कुणाला सांगतं? विंचवाला तो भ्यायचा, पण विंचवाला शहाणी माणसंही भितात. फास्का उंटाला भ्यायचा, पोलिसाच्या शिट्टीला भ्यायचा, दवाखान्याच्या वासाला भ्यायचा. लग्नात बंदुकीचे बार उडायला लागले की हा गडी बायकांच्या घोळक्यात सापडायचा. बायको जिवंत होती तोवर तिनं त्याला पाठीशी घातलं. "त्यांचं डोकं चढलंय," असं ती सगळ्यांना सांगायची आणि सगळे हसू दाबून माना डोलवायचे.

पण या फुटकळ भीतींच्या वर एक मोठी भीती होती, विहिरीची. तिला मात्र गावात कुणी हसत नसे.

त्याचा बाप अद्दी हा आमच्या भागातला नावाजलेला विहीरवाला. विहिरी खणायच्या, गाळ काढायचा, पडलेली बादली नाहीतर मेलेलं कबूतर वर आणायचं, असली कामं तो गाणी म्हणत करायचा. एकदा शेजारच्या गावी एका जुन्या विहिरीत उतरला. खाली कुजकी हवा साठून राहिली होती. दोर फास्काच्या हातात होता. मिसरूड फुटलेला जवान होता तो तेव्हा. ना खालून हाक आली, ना दोराला हिसका बसला. दोर नुसता जड झाला. ते वजन फास्काच्या तळहातांना पुढं जन्मभर आठवत राहिलं. विहिरीच्या कठड्याजवळ गेलं की तो तोंड फिरवायचा. आत डोकावणं तर सोडाच.

नशीब मोठं खट्याळ. आमच्या द्रा नदीच्या खोऱ्यात पाणी किती उरलंय याचा ताळेबंद मांडायचं वरच्या कार्यालयानं ठरवलं, तेव्हा काठच्या गावांतल्या विहिरी मोजायला त्यांना एक माणूस हवा होता. वाचता येणारा, आकडा न चुकणारा आणि गाव सोडून न गेलेला. वाचता येणारे पुष्कळ होते, पण ते सगळे अगादीरला नाहीतर कासाब्लांकाला पोचले होते. फास्का तेवढा उरला होता, कारण गाव सोडायचीही त्याला भीती वाटायची. अशा रीतीनं ज्याला विहिरीची धास्ती, त्याच्याच गळ्यात खोऱ्यातल्या विहिरी पडल्या. त्याला एक मोपेड मिळाली आणि रिळावर गुंडाळलेला लांबलचक फीता मिळाला. फित्याच्या टोकाला पितळी तुकडा होता. तो पाण्याला लागला की रिळातून 'टी टी' असा आवाज यायचा.

यावर फास्कानं स्वतःची एक रीत काढली. कठड्यापासून हातभर लांब उभं राहायचं. तोंड डोंगराकडं करायचं. 'बिस्मिल्ला' म्हणून फीता कठड्यावरून आत सोडायचा आणि कान टवकारून ऐकत राहायचं. टी टी झालं की फीता कठड्यापाशी चिमटीत धरायचा, मागं सरकायचं आणि आकडा वाचायचा. आत पाहायची गरजच नाही. आकडा बरोबर यायचा, तो फोनवरून कार्यालयाला कळवला की काम संपलं.

चहाच्या टपरीवरचा मुहा त्याला छळायचा. "काय रे फास्का, विहिरीकडं पाठ करून काय उभा राहतोस? तिच्याशी सोयरीक ठरलीय काय, तोंड बघायचं नाही म्हणून?"

"पाणी फित्यानं मोजतात, डोळ्यानं नाही," फास्का म्हणायचा. "तुझ्या चहात पुदिना किती आणि साखर किती, ते मी डोळ्यानं बघतो का? बघितलं असतं तर प्यालो नसतो."

वर्षं अशी गेली. नदी म्हणजे आमच्याकडं पांढरी रेती आणि गोटे. वर धरणाचे दरवाजे उघडले तरच तिच्यात पाणी यायचं, आणि ते उघडणं दिवसेंदिवस कमी होत चाललं होतं. वरच्या अंगाला कलिंगडवाल्यांचे पंप रात्रंदिवस जमीन शोषत होते. फास्काचा फीता दरसाल आणखी खोल जायचा. एका गावात तर तो पूर्ण सुटला तरी आवाज आला नाही, तिथल्या म्हातारीनं विचारलं, "बाबा रे, मशीन बिघडलं का?" आणि फास्कानं मान खाली घालून फीता गुंडाळला.

फक्त एक जागा अशी होती जिथं फीता नेहमी त्याच ठिकाणी वाजायचा. अनुमलीलच्या मशिदीमागचा जुना आड. अरुंद, खोल, कुणी पाणी न भरणारा. गेल्या साली तिथं, यंदा तिथंच. गाव म्हणायचं, ही अल्लाची बरकत. आणि बरकतीची बातमी सांगणारा म्हणून भित्र्या फास्कालाही गावात जरा वजन आलं. लोक वाटेत थांबवून विचारायचे, "काय म्हणतोय आड?" मोपेड न थांबवता फास्का ओरडायचा, "जागच्या जागी!" ते सांगताना त्याच्या आवाजात जो रुबाब यायचा, तो दुसऱ्या कुठल्याही वाक्यात यायचा नाही.

त्याच्या घरात त्याची एकुलती एक लेक तूदा आणि तिची दोन पोरं होती. तिचा नवरा हस्सू अगादीरजवळ टोमॅटोच्या प्लास्टिकच्या मांडवांत कामाला. वर्षातून दोनदा यायचा. घरामागची त्यांची विहीर आटत आटत चिखलावर आली होती. मशिदीपाशी धरणाच्या नळाचं पाणी यायचं, त्यावर सगळं गाव घागरी भरायचं. पण पिण्यापुरत्या पाण्यावर खजूर जगत नाही, लसूणघास उगवत नाही आणि बकरी दूध देत नाही. हस्सू दर फोनला म्हणायचा, एक खोली बघितलीय, पोरांची शाळा जवळ आहे, चल. तूदा म्हणायची, "बाबा सांगतात खाली पाणी आहे. थांब जरा."

बाबा सांगत होते हे खरं. आणि का सांगत होते, हेही लपवण्यासारखं नाही. तूदा पोरांना घेऊन गेली तर त्या घरात आपण एकटे कसे राहणार, हाच विचार फास्काला पडायचा. सांजेला दार लावून घेतल्यावर आतून एकही आवाज येणार नाही, हे त्याला विंचवाहून भयंकर वाटायचं.

त्या साली हस्सू शाळा उघडण्याआधी सुट्टी काढून आला, तोच नवा दोर घेऊन. जेवताना त्यानं सरळ मुद्द्याला हात घातला.

"मामा, मशिदीच्या आडात पाणी आहे ना?"

"आहे."

"आपली विहीर तिथून हाकेच्या अंतरावर. मग आपल्याही खाली असणार. मी आपली विहीर तेवढी खोल करतो, स्वतः उतरून. पाणी लागलं तर ही राहील इथं, मी काही बोलणार नाही. नाही लागलं तर पोरांना घेऊन चालली माझ्याबरोबर. आहे कबूल?"

"कबूल!" तूदाच आधी म्हणाली. तिनं ताटातला मांसाचा तुकडा बापापुढं सरकवला. पण फास्काला घास गिळवेना. स्वतः उतरून, असं जावई म्हणाला होता. चिखलावर आलेली जुनी विहीर, ढासळती माती, आणि आत लेकीचा नवरा.

"मजूर बघ एखादा," तो म्हणाला.

"मजूर कुठले राहिलेत मामा? उरलेत ते म्हातारे आणि मुहा."

दुसऱ्या दिवशी सिहामचा फोन आला. ही कार्यालयातली इंजिनियर, खोऱ्याचा ताळेबंद तिच्याच हातात होता. मुलगी हुशार, बोलणं गोड.

"फास्का काका, यंदा आकडे पक्के करायचेत. साऱ्या खोऱ्यात एकच विहीर अशी आहे जी खाली जात नाही. तुमच्या मशिदीची. भाकरीत खडा लागावा तशी ती मला लागते."

"बरकत आहे, लल्ला." आमच्याकडं बाईमाणसाला मानानं 'लल्ला' म्हणतात.

"बरकत असू दे काका, मी कुठं नाही म्हणते? पण वरून आत काही पडतं का, ते मला हवंय. भिंत कुठं ओली दिसते? तुम्ही तर इतकी वर्षं बघताय."

 एवढ्या वर्षांत त्यानं त्या आडात एकदाही पाहिलं नव्हतं, हे कुठल्या तोंडानं सांगणार?

"बघून सांगतो," तो म्हणाला.

"बघा. मी परवा पंप घेऊन येते. आड उपसू आणि किती वेळात भरतो ते बघू. जिवंत विहीर लपून राहत नाही."

फोन ठेवल्यावर फास्का मशिदीमागं गेला. आडाच्या कठड्यापाशी त्यानं बराच वेळ जोड्यातली रेती झाडण्यात घालवला. मग टोपी सारखी केली. मग सगळीकडं पाहिलं, कुणी बघत नव्हतं. शेवटी तो गुडघ्यांवर बसला, दोन्ही हातांनी कठडा धरला, डोळे मिटून डोकं आत घातलं आणि मग डोळे उघडले.

आधी नुसता काळोख दिसला. त्याचं काळीज असं धडधडत होतं की कठड्याचा दगड हलतोय असं वाटलं. आता खालून कुणीतरी आपलं नाव घेणार, अशी त्याची खात्रीच झाली होती. कुणी घेतलं नाही. पण एक वास आला. मातीचा नव्हे, कुजक्या हवेचाही नव्हे, साबणाचा. डोळे सरावले तसं त्याला दिसलं: मशिदीच्या अंगाला, पुरुषभर खाली, भिंतीतून एका नळीचं तोंड बाहेर आलेलं, आणि तिथून थेट पाण्यापर्यंत हिरवं शेवाळ.

तो तसाच वाकून राहिला, कारण मागं सरकायलाही अंगात बळ नव्हतं. तेवढ्यात डोक्यावर दुपारची बांग झाली. नमाजाआधी हातपाय धुवायच्या वजूखान्यात तोट्या सोडल्याचा आवाज आला, खाकरणं, चूळ भरणं, मुहाचं मोठ्यानं नाक शिंकरणं. आणि थोड्या वेळानं त्या नळीतून पाण्याची धार लागली आणि खाली पाण्यात पडू लागली.

आता तुम्ही म्हणाल, ही नळी कुणालाच ठाऊक नव्हती की काय? सगळ्यांना ठाऊक होती. नळाचं पाणी आलं तेव्हा नवा वजूखाना बांधला. इमाम सी लहबीब म्हणाले, ज्या पाण्यानं माणूस नमाजासाठी तोंड धुतो ते संडासाच्या खड्ड्यात जाऊ द्यायचं नाही, ते पाप आहे. ते जुन्या आडात सोडा, तिथलं कुणी पीत नाही. साऱ्या गावानं चर खणला. नळ्या शहरातून आणल्या, आणि त्या रस्त्यापासून मशिदीपर्यंत कुणाच्या गाढवावरून आल्या? फास्काच्याच. विहिरी मोजायचं काम त्याला नंतर मिळालं, आणि दोन गोष्टींची सांगड ना त्यानं घातली ना गावानं. दिवसातून पाच वेळा गाव आडात पाणी ओतत होतं आणि महिन्यातून एकदा फास्का ते मोजून बरकत म्हणून सांगत होता. आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार, असं आपण म्हणतो. इथं पोहऱ्यातलंच आडात येत होतं.

फास्का कठड्याला टेकून बसला. पहिला विचार त्याच्या मनात कुठला आला, तर गप्प बसावं हा. सिहामला सांगावं, काही दिसलं नाही. ती आपल्यावर विश्वास ठेवते. तूदा राहील. पण मग हस्सू उतरेल. नसलेल्या पाण्यामागं तो खोल खोल जाईल, आणि दोर कुणाच्या हातात असेल? त्याचे तळहात आपोआप मिटले. तो उठला आणि घरी पळत सुटला. फास्काला पळताना पाहून वाटेतली कुत्रीसुद्धा बाजूला झाली.

अंगणात हस्सू दोराला गाठी मारत होता. तूदा कणीक मळत होती.

"उतरायचं नाही," फास्का धापा टाकत म्हणाला. "आडात पाणी नाही."

"काल होतं, आज नाही? प्यालं कोण, मुहा?"

"ते पाणी जमिनीचं नाही. आपल्याच हातापायाचं आहे. वजूचं. नळीतून पडतं, मी बघितलं."

"तुम्ही बघितलं? आत?" तूदानं हात थांबवले. मग ती हसली, मायेनंच हसली. "बाबा, यांना उतरू द्यायचं नाही म्हणून काहीही सांगू नका. मला कळतंय तुमचं."

"शपथेवर सांगतो, पोरी."

"आमच्या लग्नातही तुम्ही शपथेवर सांगितलं होतं, की बंदुकीच्या आवाजानं भिंत पडणार आहे."

हीच तर गोम होती. जन्मभर जो सावलीला भ्याला, त्यानं एकदा खरा साप दाखवला तरी लोक सावलीच बघणार. सांजेपर्यंत गोष्ट टपरीवर पोचली. "आता फास्काला पाण्याचीही भीती वाटायला लागली!" असं मुहानं जाहीर केलं. सी लहबीबांना राग आला. ते म्हणाले, "नळी आहे, नाही कोण म्हणतं? पण चार चुळांनी आड भरतो होय रे? खाली झरा आहे म्हणून भरतो." हस्सूलाही तेच पटलं.

"नळीतून थोडं पडत असेल, मामा. बाकीचं जमिनीचं."

"परवा इंजिनियरबाई पंपानं उपसतेय. तोवर थांब."

"पंपानं कुठलीही विहीर रिकामी होते. झरा बारीक असला तर दिवसभर लागतो भरायला. बाई बघणार आणि निघून जाणार. तळात हात घालून कुणी सांगावं, की खाली ओल नाही. मग मी मानीन."

"मग मी उतरतो," फास्का म्हणाला.

म्हणाला खरा, पण आपण काय बोललो ते त्याचं त्यालाच उशिरा ऐकू आलं.  अंगणात इझ्झा, तूदाची थोरली, आजोबाकडं टक लावून बघत राहिली. तूदानं पिठाचे हात तसेच धरून ठेवले होते.

सिहाम ठरल्या दिवशी आली. फास्कानं तिला नळी दाखवली. "मी आत कधी पाहिलंच नव्हतं, लल्ला," एवढं त्यानं सांगितलं. ती रागावली नाही. तिचा चेहरा मात्र पडला. एका आकड्यापायी खोऱ्याच्या हिशेबात किती गावांचं पाणी फुगलं असेल, ते ती मनात मोजत असावी. पंप लावला. गढूळ, साबणाचा वास मारणारं पाणी बाहेर आलं आणि चहा उकळायच्या आत पंप नुसती हवा ओढायला लागला. सिहामनं हवा तपासायचं यंत्र दोरीनं खाली सोडून पाहिलं. हवा ठीक होती. स्वतः उतरायला तिनं पट्टा कमरेला बांधायला घेतला.

"लल्ला, तुम्ही नको," फास्का म्हणाला.  "तुम्ही सांगाल ते कागदावर जाईल. माझी पोर माझ्या शब्दावर इथं थांबलीय."

"मीच उतरतो ना," हस्सू म्हणाला.

"तू उतरू नयेस म्हणून तर हा सगळा उपद्व्याप!" फास्का खेकसला. तो कुणावर कधी खेकसत नसे, त्यामुळं हस्सू मुकाट्यानं मागं झाला. सिहामनं पट्टा फास्काच्या कमरेला आवळला, हातात एक पहार दिली, खिशात झाकणाची डबी ठेवली. "तळाखालची माती घेऊन या, काका. घाई नाही. भीती वाटली तर दोर ओढा."

भीती वाटली तर! फास्काला हसू आलं असतं, पण जबडा हलत नव्हता.

पाय कठड्यावरून आत गेले तेव्हाच त्याला रडू फुटलं. हस्सू आणि आणखी एक जण दोर सोडत होते. नळीच्या तोंडाजवळून जाताना त्यानं डोळे मिटले, मग उघडले, कारण मिटलेल्या डोळ्यांत बाप दिसत होता. भिंतीचं शेवाळ खांद्याला घासत होतं. वरचं आभाळ भाकरीएवढं झालं, मग खजुराएवढं. त्याला येत होत्या तेवढ्या कुराणातल्या आयती त्यानं म्हटल्या, मग त्याच पुन्हा म्हटल्या, मग नुसतं "आई, आई" म्हणू लागला. सलवार ओली झाली, आणि ती काही आडाच्या पाण्यानं नव्हे. कुणी तरी त्याचा पाय धरणार, अशी प्रत्येक क्षणाला खात्री वाटत होती. पाय टेकले तेव्हा तो किंचाळलाच. पण खाली नुसता घोट्यापर्यंत गाळ होता.

तो बराच वेळ भिंतीला पाठ लावून उभा राहिला. वरून हस्सूची हाक आली. त्यानं "हं" म्हटलं, पण ते वर पोचलं नसावं. मग त्यानं पहार उचलली आणि गाळात हाणली. गाळाखाली काळा, चिवट थर लागला; वर्षानुवर्षं साबण आणि धूळ बसून तयार झालेला, एखाद्या ताटाच्या बुडासारखा. याच ताटात गावाची बरकत साठून राहिली होती. त्यानं पहार पुन्हा हाणली. थर फुटला. त्यानं गुडघे टेकले आणि भोकात हात घातला.

रेती लागली. त्यानं मनगट घातलं, कोपर घातलं, खांद्यापर्यंत हात घातला. रेती कोरडी होती. थंडसुद्धा नव्हती. बोटांमधून ती पिठासारखी सरकत होती आणि खाली आणखी रेतीच होती.

इतकी वर्षं फास्काला वाटत आलं होतं, की विहिरीच्या तळाशी काहीतरी आहे आणि ते आपल्याला ओढून घेईल. तळाशी काहीच नव्हतं. ते कळल्यावर त्याला जी भीती वाटली, ती आजवरच्या कुठल्याही भीतीत बसणारी नव्हती. हे असंच कोरडं शेजारच्या मळ्याखाली होतं, लेकीच्या विहिरीखाली होतं, सगळ्या खजुरांच्या मुळांखाली होतं, आणि वर पोरं खेळत होती. त्यानं कशीबशी डबी भरली, झाकण दाबलं आणि ती अंगरख्याच्या आत घातली.

नेमकी तेव्हाच बांग झाली. वर कुणाच्या ध्यानात आलं नाही, की वजूखान्यात जाऊन आज तोट्या सोडू नका म्हणून सांगावं. नळीतून आधी हवा सुटल्याचा आवाज आला, आणि मग साऱ्या गावाचं हातपाय धुतलेलं पाणी फास्काच्या डोक्यावर कोसळलं. तो असा ओरडला की नमाजाला निघालेली माणसं ओल्या दाढ्यांनी धावत आली. हस्सू दोर ओढत सुटला. खाली फास्का भिंतीवर आपटत होता, गुडघे फुटत होते, आणि तो दोन्ही हातांनी अंगरख्यातली डबी छातीशी धरून होता.

वर आला तेव्हा त्याच्याकडं बघवत नव्हतं. दाढीत गाळ, कानात गाळ, दात एकमेकांवर वाजत होते. मुहा पुढं आला. त्याच्या ओठांवर काहीतरी तयार होतं, ते सवयीनं तयार असायचंच. पण फास्कानं डबी काढली, झाकण उघडलं आणि रेती हस्सूच्या तळहातावर ओतली. वाऱ्यानं त्यातली थोडी उडून गेली. मुहा मागं सरकला. सी लहबीब आपल्या ओल्या हातांकडं बघत उभे राहिले.

"खांद्याइतका हात घातला," फास्का म्हणाला. "अशीच आहे."

हस्सूनं रेती मुठीत दाबून पाहिली. मूठ उघडली तर तिचा गोळा झाला नाही. त्यानं ती पुन्हा डबीत टाकून सिहामच्या हातात दिली. तिनं डबी बंद केली आणि पाठ फिरवून गाडीकडं गेली.

तूदा बापाजवळ येऊन उभी राहिली. "म्हणजे आपल्या विहिरीतही..."

"नाही, पोरी. काही नाही. शाळा उघडायच्या आत पोरांना घेऊन जा."

"तुम्हीही चला मग."

"एका खोलीत तुम्ही चौघं. मी कुठं, मोरीत झोपू?"

"मग इथं एकटे राहणार? बाबा, तुम्हाला तर मांजरानं दार ओरबाडलं तरी मला उठवता."

सारं गाव ऐकत होतं. फास्कानं त्यांच्याकडं पाहिलं नाही.

"भीती वाटते ना," तो म्हणाला. "आत उतरताना वाटली त्याहून जास्त वाटते. तुम्ही गेल्यावर त्या घरात पाय कसा टाकायचा, ते मला ठाऊक नाही. परवापासून मी तेवढंच एक धरून बसलोय, की ही भीती हिला सांगू नये, सांगू नये. पण तू जा, तूदा. तुझी पोरं या रेतीवर नकोत."

 तूदा त्याच्याशेजारी चिखलात बसली आणि शालीच्या टोकानं त्याच्या कानातला गाळ काढू लागली. हस्सूनं त्याच्या कमरेचा पट्टा सोडला, मग दोर गुंडाळायला घेतला.